कुठं कापले ते सांग

चाचा,

परवा नसरीन माझ्या खोलीवर आली होती. तुमची मुलगी माझ्याशी बोलताना जरा अवघडते, मीही अवघडते. नऊ वर्षांत तुमच्या वाचनालयाच्या दुकानात माझा जितका वेळ गेला तितका तिचा गेला नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे. तिनं पर्समधून वाचनालयाची किल्ली काढली आणि माझ्या पत्र्याच्या पेटीवर ठेवली. तीच, सुतळी बांधलेली.

"अब्बूंच्या आजारपणात सगळं तूच बघितलंस," ती म्हणाली. "रविवारी सभासद जमणार आहेत. त्यांच्यासमोर ही तुलाच द्यायची असं ठरलंय. घेशील ना?"

मी किल्लीला हात लावला नाही. "रविवारी सांगते," एवढंच म्हणाले. तिला वाटलं मला तुमची आठवण आली. तसं नव्हतं, चाचा. ती किल्ली घ्यायची मला भीती वाटत होती.

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. या दिवसांत बजाजनगरातल्या कितीतरी लोकांनी माझं सांत्वन केलं, जणू माझेच वडील गेले. शेजारच्या गिरणीवाल्यानं तर मला येताना बघून गिरणी बंद केली आणि हाताला पीठ तसंच ठेवून उभा राहिला. मी प्रत्येकापुढं मान हलवत राहिले. आत एकच गोष्ट घोळत होती. तुम्हाला सांगायची राहिली, असंही म्हणता येत नाही. तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोलले होते.

रविवारी हे मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. पण आधी तुम्हाला.

*

मी पहिल्यांदा तुमच्या शटरसमोर आले तेव्हा मला पुस्तक नको होतं, सावली हवी होती. पहिली पाळी सुटली होती, साडेतीनचं ऊन डोक्यावर होतं. आत एक म्हातारा माणूस जमिनीवर मांडी घालून एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावून कापड बसवत होता, आणि ते कापड लुंगीचं होतं. निळ्या चौकड्यांची जुनी लुंगी, कापून पट्ट्या केलेली. मागच्या फळीवर रांगेनं पुस्तकं उभी, आणि निम्म्यांच्या पाठीवर तीच चौकडी. मला हसू आलं.

"हसू नको, बेटा," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "चाळीस वर्षं शहरात दुसऱ्यांच्या पुस्तकांना चामड्याची जिल्द बांधली. आपल्या पुस्तकांना आपलं कापड."

मी विचारलं, यातलं चांगलं पुस्तक कुठलं?

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तू कोण ते मला अजून कुठं ठाऊक? बस. चहा घे. मग बघू."

मला राग आला होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. एकोणीस वर्षांची होते. सिंदेवाहीकडून इथवर यायला दिवस-रात्र मोडते, आणि एवढ्या लांब येऊन मी एका खोलीत चार पोरींबरोबर राहत होते. कुणी काही विचारलं की मला सरळ उत्तर सुचायचं नाही, म्हणून दुसऱ्यांकडून तरी मला सरळ उत्तर हवं असायचं. तुमच्या त्या फळ्यांसमोर उभं राहिल्यावर मला बोर्डाच्या परीक्षेचा हॉल आठवला. इतकी पुस्तकं, आणि आपल्याला यातलं काहीच येत नाही.

दहावीचं मी त्याच दिवशी सांगून टाकलं. कुणी विचारायच्या आत सांगून टाकायची मला सवयच होती. गणितात बत्तीस पडले, पस्तीसला पास असतं, घरचे म्हणाले पुरे आता.

इतरांनी यावर "अरेरे" म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, "तीन कुठं कापले?"

"म्हणजे?"

"पेपर तुझा, मार्क तुझे. तीन कुठं कमी पडले ते बघितलं नाहीस?"

"बोर्डाला कोण विचारणार, चाचा?"

"हौ, ते खरं. पण आकडा घेऊन निघून आलीस. कुठं कापले ते न बघता."

पुढं नऊ वर्षं तुम्ही हाच प्रश्न विचारत राहिलात. सिनेमा कसा होता म्हटलं आणि मी "सात" म्हणाले की, "तीन कुठं कापले?" सुशीलाकाकूंच्या डब्यातली आमटी आज आठ म्हटलं की, "दोन कुठं कापले?" एकदा तुम्ही हसत विचारलंत, "आणि हमकू किती देशील?" मी म्हणाले, नऊ. तुम्ही लगेच पुढं सरसावलात. मी चहाचे कप उचलून बाहेर गेले. एक कुठं कापला ते मला माहीत नव्हतं. दहा द्यायला मला जमत नाही, एवढंच. मला कधी कुणी दहा दिले नव्हते.

*

चिठ्ठ्यांची कल्पना माझीच. हे रविवारी वाचताना मला जोरात वाचायला लागेल, कारण पुष्कळांना वाटतं ती तुमची होती.

कंपनीत मी तपासणीच्या टेबलावर असते. लोखंडी रिंगा येतात, हातात गेज असतो. गेजची एक बाजू रिंगेत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. संपलं. रिंग कुणी बनवली, त्याच्या घरी काय चाललंय, हे विचारायचं नाही. खरं सांगते, मला हे काम आवडतं. त्यात कुणाची मर्जी नसते. गेज मला माझं शिक्षण विचारत नाही.

म्हणून मी म्हटलं, प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवू. वर पुस्तकाचा नंबर, खाली दोन रकाने. सभासदाचा नंबर आणि दहापैकी मार्क. पुस्तक परत करताना लिहायचे. एकानं एकाच पुस्तकाला एकदाच, नाहीतर लोक आवडीच्या पुस्तकाचे मार्क वाढवत बसतील. हा नियमही माझाच, आणि याचा मला मोठा अभिमान होता.

तुम्हाला पटलं नव्हतं. "पुस्तक म्हणजे रिंग आहे का?" असं म्हणालात. पण खळ तुम्हीच शिजवून दिलीत, आणि चिठ्ठ्या सरळ चिकटल्या पाहिजेत म्हणून कडेला बसून राहिलात.

आणि चाचा, ते चाललं. हे तुम्हीही नाकारलं नव्हतं. नवीन आलेल्या पोरी, लाजत शटरपाशी उभ्या राहणाऱ्या, मागचा पुठ्ठा उघडायच्या, आठ-नऊ दिसले की पुस्तक घेऊन जायच्या. कुणाला काही विचारावं लागायचं नाही. ज्याला "मला हे आवडलं कारण" असं वाक्य पुरं करता येत नाही, त्यालाही एक आकडा लिहिता यायचा. त्यात मीही आले. माझं आयुष्यातलं पहिलं मत म्हणजे एका पुस्तकाच्या मागं लिहिलेला आठ होता. तो लिहून मी दोन वेळा गिरवला. तुम्ही खालच्या फळीत मागं सारलेल्या त्या भुताखेतांच्या गोष्टींना तर सगळ्यांनी नऊ-नऊ दिले. तुम्ही ते पुस्तक घरी नेलंत, चार दिवसांनी परत आणलंत आणि म्हणालात, "मी याला तुच्छ समजत होतो. लोक बरोबर, मी गलत." मग नव्या लुंगीचं कापड काढून त्याला जिल्द बांधलीत. माणूस असं कबूल करतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

भांडण सुरू झालं ते नंतर. तुम्ही चिठ्ठ्या वाचायला लागलात, पण माझ्यासारख्या नाही. मी बेरीज करून भागायचे. तुम्ही आकड्याच्या शेजारचा सभासद नंबर बघायचात.

"सतरा नंबरचा सहा म्हणजे दहा समज," तुम्ही म्हणायचात. सतरा नंबर म्हणजे तो फिटर, ज्याला कंपनीत साहेबानं कधी सहाच्या वर दिले नाहीत, तर तो पुस्तकाला कुठून देणार. "आणि अठ्ठावन्नचा दहा सोडून दे. ती पोरगी सगळ्यांनाच दहा देते. मी विचारलं तर म्हणाली, मला कुणी दिले नाहीत म्हणून मी देते." जे लोक पुस्तक महिनाभर उशिरा आणायचे ते तुम्हाला खूश करायला नऊ लिहायचे. जे कंपनीच्या बसमध्ये पाच पानं चाळून कंटाळायचे ते एक लिहायचे. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं.

"असं प्रत्येकाचं वेगळं धरलं तर मार्कांना अर्थ काय राहिला?" मी म्हणायचे.

"अर्थ माणसात आहे ना. आकडा त्याची सावली आहे."

"पण नवीन माणसाला सतरा नंबर कोण ते कसं कळणार?"

"मी सांगेन."

"तुम्ही काय कायम इथं बसून राहणार आहात का सांगायला?"

हे मी बोलले होते. चिडून बोलले होते, आणि बोलून झाल्यावर जीभ चावली होती. तुम्ही पट्टीनं खळ निपटत म्हणालात, "हौ. ये बात है. यावर माझ्याकडं जवाब नाही."

तुमच्याकडं जवाब नव्हता आणि मी जिंकले, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं.

जिल्दीचंही तसंच. वर्षातून एकदा तुम्ही वीस-पंचवीस पुस्तकं जिल्दीला काढायचात. मी म्हणायचे, वरचे मार्क असलेली काढा. तुम्ही पुस्तकं उभी धरून पाठ बघायचात, ज्याची पाठ सर्वांत जास्त सुटली ते आधी. "इतकं सुटलंय म्हणजे कुणीतरी उघडतंय. न वाचता पुस्तक फाटत नाही." मी म्हणायचे, एकाच माणसानं वीसदा उघडलं असेल. तुम्ही म्हणायचात, "मग?"

तेव्हा मला ते उत्तर म्हणजे हट्ट वाटायचा.

*

आता ते सांगते.

तुम्ही दवाखान्यात गेलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाळ्याचा मालक आला. दुकानाची मागची, पुस्तकं ठेवलेली खोली त्याला परत हवी होती. आठ दिवस दिले. मी नसरीनला सांगू शकले असते, पण ती दवाखान्यात धावपळ करत होती. तुम्हाला सांगू शकले असते, पण डॉक्टरांनी डोक्याला ताण नको म्हटलं होतं. खरं कारण हे नव्हे. मला वाटलं, हे मी एकटी निभावून दाखवेन. तुम्ही परत याल तेव्हा सगळं मांडून ठेवलेलं असेल, आणि तुम्ही म्हणाल, वा बेटा.

मागच्या खोलीतली पुस्तकं पुढच्या खोलीत मावणार नव्हती. काही काढावीच लागणार होती. कुठली, हे माझ्या मनानं ठरवायची मला भीती वाटत होती. उद्या कुणी म्हणालं, हे का काढलं, तर काय सांगू? मार्क होतेच. सुटीच्या दिवशी सकाळपासून मी एकेक मागचा पुठ्ठा उघडत गेले. मोबाइलवर बेरीज, भागाकार. साडेतीनच्या वर असलेलं पुस्तक पुढच्या खोलीत. साडेतीनच्या खाली असलेलं पोत्यात.

साडेतीन कुठून आणले, असं तुम्ही विचाराल. पस्तीस टक्के, चाचा. माझ्या डोक्यात पास व्हायची दुसरी रेघच नाही. ज्या रेघेनं मला घरी बसवलं, तीच रेघ मी पुस्तकांवर ओढली, आणि ओढताना मला जराही वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. नियमानं चाललंय असं वाटलं. नऊ पोती भरली. भंगारवाला येऊन घेऊन गेला.

पाठ मी एकाही पुस्तकाची बघितली नाही. मागचा पुठ्ठा उघडताना पुस्तक आडवं धरावं लागतं. पाठ बघायला उभं धरावं लागतं.

त्यानंतर चार दिवसांनी मी दवाखान्यात आले. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण डोळे तसेच. तुम्ही पुस्तकांचं विचारलंत, मी म्हणाले सगळी जागच्या जागी आहेत. हे पहिलं खोटं. मग तुम्ही म्हणालात, "एकेचाळीस नंबर येईल. ती सहाशे बारा मागेल, ते पातळ. त्याची जिल्द पुन्हा सुटलीय. तिला म्हण, थांब थोडी, मी निघालो की बांधतो. बाजूला काढून ठेव."

"हो, ठेवलंय," मी म्हणाले.

का म्हणाले? ते पुस्तक कुठलं ते मला माहीतही नव्हतं. तुम्ही आजारी होतात आणि "हो" म्हणणं सोपं होतं. तिथून थेट दुकानात गेले. सहाशे बाराच्या जागी सहाशे तेरा उभं होतं.

तुम्ही त्यानंतर अकरा दिवस होतात. मी चारदा आले. चारही वेळा तुम्ही विचारलंत, "आली होती का ती?" मी चारही वेळा म्हणाले, अजून नाही. एकदा तर तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघत राहिलात. मी सलाइनच्या बाटलीकडं बघितलं. तुम्हाला कळलं होतं का? नसेल कळलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून गेलात, आणि कळलं असेल तर मला न बोलता सोडून गेलात. यातलं मला काय सोसेल ते ठरवता येत नाही.

*

एकेचाळीस नंबर म्हणजे सुशीलाकाकू. माझा डबा त्यांच्याकडून येतो. सात वर्षं मी त्यांच्या हातचं जेवतेय आणि त्यांचा सभासद नंबर मला ठाऊक नव्हता.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी त्या दुकानात आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ते मुक्या पोराचं पुस्तक दे गं. चाचा गेल्यापासून लई आठवण येतीय त्याची."

"बाहेर गेलंय, काकू. कुणीतरी नेलंय."

"कोण नेलं? ते तर कुणीच नेत नाय."

मी रजिस्टरात डोकं घातलं. त्या उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं, आलं की सांग," आणि गेल्या. त्या गेल्यावर मी रजिस्टर खरंच वाचलं. सहाशे बारा, एकेचाळीस. सहाशे बारा, एकेचाळीस. तुमच्या अक्षरात अकरा वेळा. माझ्या चिठ्ठीवर त्या फक्त एकदा होत्या, कारण एकानं एकदाच मार्क द्यायचे हा नियम मी केला होता.

दुसऱ्या दिवशी डबा उघडवेना. भंगारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, कागद पाचोडच्या बाजाराला जातो, तिथं एक म्हातारी अन् तिची सून पुड्या बांधतात. बाजाराच्या दिवशी रजा टाकून मी पाचोडला गेले. कोथिंबिरीच्या जुड्या, बांगड्या, शेळ्या, दोऱ्या, सगळ्यातून वाट काढत शेंगदाणे-फुटाण्यांच्या गाड्यांपाशी पोचले, आणि लांबूनच तुमची लुंगी दिसली.

गाडा एका अंगाला कलत होता म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठे रचले होते, पाठीच्या कापडासकट. निळी चौकडी, निळी चौकडी, निळी चौकडी. शेजारी आणखी ढीग. पुठ्ठ्याच्या पुड्या होत नाहीत, म्हणून म्हातारी ते आधी ओढून काढते आणि पानं वेगळी करते.

"काय हुडकतीस, पोरी?" तिनं विचारलं.

"एक पुस्तक."

"पुस्तकं नायती आता. पुठ्ठं हायती, घेऊन जा लागत असतील तर."

मी खाली बसून एकेक पुठ्ठा उलटा केला. चिठ्ठ्या सगळ्या शाबूत होत्या. आपण चिकटवलेल्या, तुमच्या खळीनं. एकही कोपरा सुटला नव्हता. सहाशे बारा सापडला. वरून खाली, एक, एक, दोन, नऊ. बेरीज तेरा. चारानं भागून सव्वातीन. माझ्या बत्तिसाला लागूनच.

मार्क राहिले होते, चाचा. पुस्तक गेलं होतं.

म्हातारीनं माझं तोंड बघून फुटाण्याची एक पुडी हातात दिली. मी ती उलगडली, पान वाचायला लागले, दुसरी उलगडली, आणि मग थांबले. ते पान हातात आलं असतं तरी मला कळलं नसतं. मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. मला त्याचे फक्त मार्क माहीत होते.

*

पुठ्ठा घेऊन मी त्याच संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर गेले. त्या पोळ्या लाटत होत्या, त्यांचा आठ वर्षांचा नातू सोनू शेजारी बसून पिठाचे गोळे ओळीनं मांडत होता. तो बोलत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पुस्तकाशी मात्र मी ते कधी जोडलं नव्हतं.

सगळं सांगितलं. पोती, साडेतीनची रेघ, दवाखाना, पाचोड. त्यांचं लाटणं थांबलं नाही. मी "माफ करा" म्हणाले तेव्हा म्हणाल्या, "त्याचं मी काय करू? त्यानं पुस्तक येतंय का परत?"

मग हात झटकून त्यांनी पुठ्ठा घेतला आणि नऊवर बोट ठेवलं.

"हा मी दिला."

तुमचाच प्रश्न तोंडातून निघाला. "एक कुठं कापला, काकू?"

त्यांनी सोनूकडं बघितलं. "त्यात त्या पोराचा बाप त्याला रोज बाजारात नेतो. हे बघ वांगं, ही बघ शेळी, असं बोलत राहतो. पोरगं काय बोलत नाय. पानामागून पान, काय घडतच नाय. म्हणून त्या तिघांनी एक अन् दोन दिलं असतील. पण तसंच असतं बघ. असंच असतं घरात. लई खरं लिवलंय. अन् शेवटाला पोरगं 'बाबा' म्हणतं." त्यांनी सोनूच्या हाताला लागलेलं पीठ पुसलं. "आमचा नाय म्हटला. एक मार्क तिथं कापला."

"मग अकरा वेळा कशाला नेलं?"

"शेवटची चार पानं सोडून वाचते मी."

चिठ्ठीवर हे कुठं मावणार होतं? पण त्या कापलेल्या एका मार्कात ते सगळं होतं, आणि विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असणार. म्हणूनच ते पुस्तक पुन्हा पुन्हा बांधत होतात.

"चाचाला सांगितलंस का हे?" काकूंनी विचारलं.

"ते गेले ना, काकू."

"ते मला ठाऊक हाय. सांगितलंस का?"

"नाही."

"मग लिव्ह. अन् रविवारी सगळ्यांसमोर वाच. माझ्या एकटीच्या कानात सांगून सुटू नकोस."

दुसऱ्या दिवशी डबा आला. भाजी नेहमीची होती, पोळ्या चार. त्यातून त्यांनी मला माफ केलं की नाही, याचा अर्थ लावत मी तासभर बसले, आणि मग जेवले.

*

चाचा, आपलं भांडण मिटलेलं नाही, हेही सांगायला हवं. मी आकडे काढून टाकणार नाही. पुढं किल्ली कुणाकडंही जावो, शटरपाशी एखादी पोरगी येईल, तिला बोलायची लाज वाटेल, आणि तिला कुठला नंबर कसा माणूस आहे हे सांगायला तुम्ही नसाल. तिला मागच्या पुठ्ठ्यावर एक आठ दिसला पाहिजे. मला दिसला असता तर त्या पहिल्या दिवशी मी तुमच्यावर चिडले नसते. पण आकड्यावरून कुठलं पुस्तक आधी उघडायचं एवढंच ठरवायचं. कुठलं पोत्यात घालायचं, ते आकड्यावरून ठरवायचं नाही. ते पाठ बघून, आणि माणसाला विचारून.

मी नवीन चिठ्ठी आखली आहे. दोनाऐवजी तीन रकाने. तिसऱ्याचं नाव "कुठं कापले". एक ओळ पुरे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी जो कुणी टेबलावर असेल त्यानं विचारून लिहायची. तुमच्या राहिलेल्या लुंग्यांपैकी एक नसरीनकडून मागून घेतली आहे. ती पुढं केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी कशाला मागतेय ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारी हे वाचून झालं की नसरीन किल्ली पुढं करेल किंवा करणार नाही. समोर सतरा नंबर असेल, अठ्ठावन्न असेल, एकेचाळीस असेल. पोत्यात गेलेली आणखी दोनशे दहा पुस्तकं आहेत. त्यातलं एखादं कुणाचं असेल, आणि तो तिथं बसलेला असेल. त्यानं विचारलं, तर त्यालाही सांगेन.

तुम्ही असतात तर वाचून झाल्यावर विचारलं असतंत, की स्वतःला किती देशील. आकडा मला विचारू नका, चाचा. कुठं कापले, ते वर लिहिलं आहे.